शाळेच्या वीस गुणांवर पहिला नंबर ठरू नये



दहावीचा निकाल लागून महिना होत आला. आमच्या बस्तीच्या फळ्यावर नेहमीची सूचना लागली आहे. समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि दोन फोटो कार्यालयात आणून द्यावेत. दशलक्षण पर्वाच्या आधीच्या रविवारी सत्कार. पहिल्या तीन नंबरांना चांदीचं पदक, बाकीच्यांना बॅग आणि प्रमाणपत्र. महिला मंडळाकडून मी या समितीवर आहे, हे माझं चौथं वर्ष. यंदाच्या बैठकीत मी एक मागणी मांडणार आहे. त्याआधी इथे लिहिते आहे, कारण त्या मागणीची सुरुवात माझ्याच घरातून झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी थोरली दहावी झाली. पाचशेपैकी ४८७, म्हणजे ९७.४० टक्के. समाजात तिचा पहिला नंबर आला. दुसरा नंबर जवळच्याच एका खेड्यातल्या मुलीचा होता. वडील शेती करतात, आई पापड-कुरडया करून देते. त्या मुलीला ४८३, म्हणजे ९६.६० टक्के. चार गुणांचा फरक. माझ्या लेकीचं नाव पहिल्यांदा पुकारलं, टाळ्या झाल्या, फोटो झाले, मीही पदर सावरून शेजारी उभी राहिले.

कार्यक्रमानंतर सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची म्हणून आम्ही बायका पंगतीत वाढत होतो. त्या मुलीची आई माझ्यासोबत आमटीची बादली धरून होती. बोलता बोलता सहज म्हणाली, "वहिनी, आमच्या शाळेत वीसपैकी वीस कुणालाच देत नाहीत. सर म्हणतात, वीस म्हणजे काहीच चुकलं नाही. तुमच्या पोराचं काहीच चुकत नाही असं मला लिहून द्या, मग देतो." आम्ही दोघी हसलो. मग तिने लेकीचे शाळेचे गुण सांगितले, तिला ते तोंडपाठ होते : सतरा, अठरा, अठरा, सतरा, एकोणीस.

माझ्या लेकीला पाचही विषयांत वीसपैकी वीस होते. पालकसभेत ते आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं.

त्या रात्री मी दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली. ४८७ मधून १०० गेले, ३८७ उरले. ४८३ मधून ८९ गेले, ३९४ उरले. हे चारशेपैकी लेखीचे गुण. म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत, जी दोघींना एकच होती, एकाच वेळी होती, आणि जी तपासणाऱ्याला कुणाचंच नाव माहीत नव्हतं, त्यात ती मुलगी माझ्या लेकीपेक्षा सात गुणांनी पुढे होती. मागे पडली ती फक्त शाळेने दिलेल्या गुणांत, अकरा गुणांनी.

मी कुणाला काही बोलले नाही. पदक शोकेसमध्ये ठेवलं.

आता हे वीस गुण काय असतात ते थोडं सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणींना मुलाची टक्केवारी पाठ असते, पण ती कशी बनते ते माहीत नसतं. मलाही नव्हतं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत प्रत्येक विषय शंभराचा. त्यातले ऐंशी बोर्डाच्या लेखी परीक्षेचे आणि वीस शाळेच्या हातातले. भाषांमध्ये तोंडी आणि स्वाध्याय, विज्ञानात प्रात्यक्षिक, गणितात आणि समाजशास्त्रात गृहपाठ आणि चाचणी, असं प्रत्येक विषयाचं थोडं वेगळं. शाळा हे गुण मंडळाला कळवते आणि आपल्या हातात शेवटी बेरीज येते. सहा विषयांपैकी सर्वात जास्त गुणांचे पाच धरून टक्केवारी निघते, तेच आपलं 'बेस्ट फाइव्ह'. २०१० साली हा नियम आला तेव्हा प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं आणि तिथे तो टिकला. त्याशिवाय चित्रकलेच्या परीक्षा, शास्त्रीय नृत्य-गायन, खेळ यांचे वाढीव गुण मिळतात. वर्तमानपत्रात 'शंभर टक्के' असं छापून येतं तेव्हा त्यात बऱ्याचदा हे वाढीव गुणही असतात. याचा अर्थ त्या मुलांनी कष्ट केले नाहीत असा नाही. आकडा कशाकशाचा झालेला असतो एवढंच सांगते आहे. सीबीएसई आणि आयसीएसईच्या दहावीतही शाळेच्या हातात वीस असतात, त्यामुळे तिकडच्या आयांनी सुटल्यासारखं वाटून घेऊ नये.

ऐकायला हे वीस गुण पाचवा हिस्सा वाटतात. पण नंबर ठरवताना त्यांचं वजन पाचव्या हिश्श्याएवढं राहत नाही. वर्गातल्या सगळ्यांना वीसच दिले तर ते दिल्यासारखे नाहीतच, सगळे एकाच पायरीने वर चढले आणि क्रम होता तसाच राहिला. पण एका शाळेने वीस दिले आणि दुसरीने सतरा, तर पाच विषयांत पंधरा गुण, म्हणजे तीन टक्के. आणि वरच्या मुलांमध्ये भांडण असतं ते अर्ध्या टक्क्याचं! तिथे मुलीचा अभ्यास बाजूला राहतो आणि ती कुठल्या शाळेत होती यावर नंबर ठरतो.

हे वीस गुण काढून टाकले तर काय होतं, तेही आपल्या राज्याने पाहिलं आहे. २०१९ च्या परीक्षेला दहावीचा नवा अभ्यासक्रम होता. त्या वर्षी भाषांचे आणि समाजशास्त्राचे शाळेकडचे गुण बंद केले, त्यांचे पूर्ण शंभर गुण लेखीचे झाले. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. बारा टक्क्यांहून जास्त घसरण. शंभर टक्के मिळवणारी मुलं १२५ वरून २० वर आली. ओरड झाली, आपली मुलं अकरावीच्या प्रवेशात दुसऱ्या बोर्डांच्या मुलांच्या मागे पडतील म्हणून आईबाप धास्तावले, आणि पुढच्याच वर्षी ते वीस गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला आणि शंभर टक्के मिळवणारी मुलं २४२ झाली. नव्वद टक्क्यांच्या वर गेलेली मुलं २०१९ मध्ये साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास होती, ती त्र्याऐंशी हजारांवर गेली. (त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही आणि त्याचे सरासरी गुण दिले, हेही धरायला हवं. सगळं श्रेय वीस गुणांना देता येत नाही.)

मग आलं २०२१. परीक्षाच रद्द. नववीच्या निकालाचे पन्नास, दहावीच्या वर्षातल्या शाळेच्या लेखी कामाचे तीस आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस, असं सूत्र लावलं. म्हणजे शंभरच्या शंभर गुण शाळेच्या हातात. निकाल ९९.९५ टक्के, आणि शंभर टक्के मिळवणारी मुलं ९५७. अकरावीसाठी वेगळी सीईटी घ्यायचं ठरलं होतं, ती मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. त्या साथीच्या काळात दुसरं काय करता आलं असतं, मला माहीत नाही. मुलं जिवंत आणि घरात सुखरूप होती, तेव्हा तेवढं पुरेसं होतं. पण शाळेच्या हातातला वाटा वाढला की वरच्या टोकाला काय होतं, ते मला त्या तीन वर्षांत जितकं स्पष्ट दिसलं तितकं कधी दिसलं नव्हतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग हे वीस गुण काढूनच टाका. मी असं म्हणत नाही. २०१९ ला जी मुलं नापास झाली ती कोण होती याचा विचार करा. शाळेकडून सतरा मिळाले तर पास व्हायला लेखीत ऐंशीपैकी अठरा पुरतात. शेतातून येऊन अभ्यास करणारा मुलगा, घरात बाळ सांभाळणारी मुलगी, तीन तासांच्या पेपरात हात थरथरणारं पोर, यांना हे वीस गुण म्हणजे काठावर धरायला फांदी आहे. माझ्या भावाचा मुलगा तसाच. बोलायला लावा, तासभर पाण्याचा पंप कसा चालतो ते समजावून सांगेल. लिहायला बसला की चार ओळी. त्याला वर्षभर पाहणाऱ्या बाईंनी तोंडीत अठरा दिले, ते त्याचे हक्काचे होते.

मला वाटतं गोंधळ इथेच आहे. एकच वीस गुण आपण दोन कामांना वापरतो. खालच्या मुलाला पार करायलाही तेच आणि वरच्या मुलीला पहिली ठरवायलाही तेच. पहिल्या कामाला ते उपयोगी आहेत, तिथे दोन गुण इकडेतिकडे झाले तर कुणाचं नुकसान होत नाही. दुसऱ्या कामाला ते अजिबात लायक नाहीत, कारण तिथे एक गुण म्हणजे एक नंबर.

आमच्या शेजारच्या काकू हायस्कूलात शिकवून निवृत्त झाल्या. त्यांना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, एका वर्गात साठ मुलं. प्रत्येकाची तोंडी नीट घ्यायची तर आठवडा जातो. मुख्याध्यापक म्हणतात, शेजारची शाळा सगळ्यांना वीस देते, आपण सोळा दिले तर आपली मुलं मागे पडतील. मग मी खरे गुण द्यायचे आणि शिक्षा पोरीने भोगायची?" यावर मला काही बोलता आलं नाही. त्या खेड्यातल्या सरांनी खरे गुण दिले आणि शिक्षा पोरीनेच भोगली, आमच्याच सभागृहात, आमच्याच हातून.

आणि शिक्षकांवर बोट ठेवण्याआधी आपल्याकडे पाहू या. माझ्या लेकीच्या इतिहासाच्या प्रकल्पाची फाइल मी केली होती. आपल्या जिल्ह्यातली ऐतिहासिक स्थळं असा विषय. ती क्लासवरून साडेसातला यायची, जेवण तर सूर्यास्ताआधी डब्यातच झालेलं असायचं, आल्यावर गणितं सोडवून पेंगायची. मला दया आली. मी चित्रं कापली, चिकटवली, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, कडेने वेलबुट्टी काढली. वीसपैकी वीस मिळाले तेव्हा मलाच जास्त आनंद झाला. खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणींनी केलं नाही? स्टेशनरीच्या दुकानात 'प्रकल्प तयार करून मिळतील' अशी पाटी असते आणि आपण ती अगरबत्तीच्या पाटीसारखी वाचून पुढे जातो. ज्या आईला वेळ नाही ती पैसे देते. ज्या आईला वेळही नाही आणि पैसेही नाहीत, तिचं मूल स्वतः करतं आणि वाकड्या अक्षरातल्या फाइलीला पंधरा-सोळा मिळतात. पालकसभेत एका गुणासाठी बाईंच्या मागे लागणाऱ्या आयाही मी पाहिल्या आहेत. एकदा मीही त्यांच्यात होते.

आर्जवाच्या दिवशी आपण उपवास करतो, पूजा करतो, मन-वचन-काया एक असावी म्हणून प्रवचन ऐकतो. अचौर्याचं अणुव्रत घेतलेल्या कितीतरी श्राविका आमच्या मंडळात आहेत, ज्या भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले पाच रुपये परत करायला उन्हात मागे जातात. त्याच आपण आपल्या हाताने केलेलं काम मुलाच्या नावाने शाळेत पाठवतो आणि त्याचे गुण घेतो. हे मी कुणाला टोचावं म्हणून लिहीत नाही. प्रतिक्रमणाला बसल्यावर मला ती वेलबुट्टी आठवते, एवढंच.

समितीत मी हा विषय काढला तर काय ऐकायला मिळेल ते मला आताच माहीत आहे. आमच्या अक्का म्हणतील, नंबर नसेल तर मुलांना चुरस कशी राहील? अक्कांच्या काळात बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची, पहिल्या आलेल्या मुलाचा आईबापाने पेढा भरवतानाचा फोटो पेपरात यायचा. ती यादी मंडळाने कधीच बंद केली. सीबीएसईनेही गुणवत्ता यादी सोडली. ज्यांच्याकडे सगळ्या राज्याच्या, सगळ्या देशाच्या मुलांचे लेखी गुण वेगळे आणि शाळेचे वेगळे असतात, त्यांनीही पहिला-दुसरा लावणं थांबवलं. आणि आम्ही पंचवीस झेरॉक्स समोर ठेवून, शंभरातला एक आकडा बघून नंबर लावतो आहोत.

दुसरी अडचण मोठी आहे. पहिल्या नंबरचं पदक एका घराने वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलं आहे. पहिल्या क्रमांकास, असं दानपत्रातच लिहिलं आहे. दान देणाऱ्याची इच्छा मोडायची कशी? यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मला वाटतं आपण त्या घरी जाऊन बोलावं. त्या आजोबांनी स्वतः सातवीनंतर शाळा सोडून दुकान सांभाळलं होतं, असं त्यांची सून सांगते. पदकाऐवजी अकरावीच्या पुस्तकांचा खर्च त्यांच्या नावाने एखाद्या मुलीला दिला, तर ते घर नाही म्हणेल असं मला वाटत नाही. पण विचारल्याशिवाय कसं कळणार?

माझी मागणी एवढीच आहे. नंबर नकोत. नव्वदच्या वर, पंच्याहत्तरच्या वर, साठच्या वर अशा तीन गटांत सगळ्यांना एकसारखं प्रमाणपत्र द्यावं, नावं वर्णानुक्रमे पुकारावीत. दहावीला पहिल्यांदा बसून पास झालेल्या प्रत्येकाला बोलवावं, मग त्याला बेचाळीस टक्के का असेनात. मंडळाकडे जे पैसे आहेत ते गुण बघून न देता गरज बघून द्यावेत. गरज ठरवणंही सोपं नाही, त्यातही रुसवेफुगवे होतील, ते मी धरून चालले आहे. निदान तिथे आपण घरं ओळखतो. वीसपैकी सतरा आणि वीसपैकी वीस यांत खरं कुठलं, ते आपल्याला कधीच ओळखता येणार नाही.

हा लेख लिहायच्या आधी मी लेकीला सगळं सांगितलं. ती आता बारावी झाली. दुधाच्या वहीतली वजाबाकी दाखवली. तिने पुन्हा एकदा स्वतः करून पाहिली आणि मग विचारलं, "आई, पदक परत द्यायचं का?" नियमाने ते तिचंच होतं, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "नियम तुम्हीच केलाय ना?" मग काही न बोलता शोकेस उघडून पदक आतल्या कपाटात ठेवलं. त्या मुलीचा नंबर तिने माझ्याकडून घेतला आहे, बोलणं झालं का ते मी विचारलेलं नाही.

धाकटा यंदा दहावीला गेला. नववीच्या भूगोलाची फाइल त्याने स्वतः केली होती. नकाशातली कृष्णा नदी जरा जास्तच खाली गेली होती आणि डिंकाचे डाग पडले होते. सोळा मिळाले. मी शाळेत गेले नाही, पण दोन दिवस जीव खालीवर होत होता हे कबूल करते.

समितीची बैठक येत्या रविवारी, पूजेनंतर, साडेदहाला आहे. आमच्या गावातल्या ज्यांना पटलं असेल त्यांनी या, नाही पटलं त्यांनीही या. दुसऱ्या गावांतल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे सत्कार कसा करतात, नंबर लावता की नाही, मला शनिवारपर्यंत जरूर कळवा. बैठकीत दाखवायला उपयोगी पडेल.